विश्लेषण : पाकिटातील वजन कमी का भरते? नियम काय सांगतो?

सोळा बिस्किटांच्या पुड्यात पंधराच निघाली, म्हणून तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये एका बड्या कंपनीला एक लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. प्रश्न एका बिस्किटाचा वाटला, तरी तो प्रत्येक पाकिटाला लागू होतो.

वाद काय होता?
बिस्किटे नगावर नव्हे, वजनावर विकतो, असे कंपनीचे म्हणणे होते. पुड्यावर ७६ ग्रॅम छापले होते, भरले ७४. एवढी तूट नियमात बसते, हा दावा आयोगाने फेटाळला. ही सवलत बाष्पीभवनाने वजन घटणाऱ्या वस्तूंसाठी आहे, असे आयोगाने म्हटले.

फरक का पडतो?
एकच पीठ, एकच भट्टी. तरी एखादे बिस्कीट जाड होते, एखादे पातळ. वेफर्सचा तर प्रत्येक काप निराळा. म्हणून वेफर्स, फरसाणासाठी अनेक तोंडांचे वजनयंत्र वापरतात. जपानच्या इशिदा कंपनीने ते १९७२ मध्ये विकसित केले. माल अनेक छोट्या कप्प्यांत पडतो आणि कोणते कप्पे एकत्र केल्यास हवे तेवढे वजन जमेल, हे संगणक क्षणात ठरवतो. पुढे प्रत्येक पाकीट पुन्हा तोलले जाते. हलके भरल्यास बाजूला काढले जाते.

नियम काय?
‘वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११’नुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटात ९ टक्के, ५० ते १०० ग्रॅममध्ये ४.५ ग्रॅम, तर ५०० ग्रॅम ते एक किलोपर्यंत १५ ग्रॅम तूट चालते. मात्र तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे एक पाकीट हलके, तर दुसरे जड हवे.

महत्त्व काय?
दोन ग्रॅम जास्त भरले, तर लाख पाकिटांमागे कंपनीचा २०० किलो माल फुकट जातो. तेवढेच कमी भरले, तर तो ग्राहकांच्या ताटातून जातो. अधूनमधून पडणारा फरक यंत्राचा; सगळ्याच पाकिटांतली तूट मात्र हिशेबाची.

तक्रार कुठे?
राज्याच्या वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५. पाकीट न फोडता आणि बिलासह जपून ठेवावे.