फवारणी करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता थेट तोंडावर आणि छातीवर येत होता. बोंडअळी आटोक्यात येत नाही म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही दिवस चर्चा झाली आणि एक निष्कर्ष लोकांच्या तोंडी रुळला : ‘मजुरांनी मास्क लावला नाही.’

हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण न्यायाचा नाही. कीटकनाशक नियम १९७१ मध्येच फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक कपडे यांची तरतूद आहे. आपल्या गावात अशी तपासणी झालेला एक तरी मजूर तुम्ही पाहिला आहे का? अनेक ठिकाणी मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त. अशा वेळी विदर्भातल्या दमट उकाड्यात रबरी हातमोजे आणि जाड कपडे घालून तो किती वेळ टिकेल? आणि ते विकत कोणी घ्यायचे?

विष फक्त नाका-तोंडातून जात नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधे ओल्या कपड्यातून, कातडीतूनही शरीरात भिनतात आणि मज्जासंस्थेवर घाला घालतात. घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे, स्नायू थरथरणे आणि शेवटी श्वास अडकणे. घरी तेच कपडे धुणारी बाई मात्र कोणत्याच नोंदीत येत नाही.

नोंदीचा प्रश्न इथेच संपत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाखांची मदत मिळते, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती. पाठीवर पंप घेणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर सातबारा नसतो. धोका त्याचा, संरक्षण दुसऱ्याचे! म्हणून पहिली मागणी हीच हवी की, ही मदत जमिनीच्या उताऱ्यावर नव्हे, केलेल्या कामावर मिळावी. दुसरी मागणी, फवारणीच्या हंगामात रक्तातील कोलिनेस्टेरेजची तपासणी आणि अॅट्रोपिनचा साठा तालुक्याच्या दवाखान्यात असलाच पाहिजे.

तरुण मित्रांनो, कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. डब्यावरचा त्रिकोण वाचता न येणारे मजूर तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या घरातही असतील. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा, एवढे त्यांना समजावून सांगा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, हेही सांगा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारताना बिडी-तंबाखू नको. कोणाला चक्कर आली तर आधी कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा. कोणते विष आहे हे डॉक्टरांना कळले, तर उपचाराचा मोलाचा वेळ वाचतो.

कपाशीला भाव किती मिळाला, हे दरवर्षी विचारले जाते. ती पिकवताना किती जण दवाखान्यात गेले, हे विचारणारेही कोणीतरी हवे. ते आपण होऊ या.