गाठ कशाची, हे पाहूनच औषध

एचआयव्हीबाधित बालकाच्या मानेत गाठी दिसल्या की आपली लेखणी क्षयरोगाच्या औषधांकडे वळते. आपल्या देशात ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रत्येक गाठ क्षयाची नसते, याकडे मला व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावयाचे आहे.

१९६४ साली एपस्टाईन, अचाँग व बार यांनी बर्किट लिम्फोमाच्या पेशींत जो विषाणू पाहिला, तो बहुतेकांच्या शरीरात बालपणीच शिरतो आणि बी-पेशींत आयुष्यभर दडून राहतो. टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. एचआयव्ही हा पहारा तर मोडतोच, शिवाय बी-पेशींना सतत चेतवून त्यांचे विभाजनही वाढवितो. मग ईबीव्हीग्रस्त पेशींच्या वाढीस धरबंध उरत नाही. लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनायटिसशी या विषाणूचा निकटचा संबंध आहे. क्ष-किरण चित्रात तो मिलिअरी क्षयासारखा दिसू शकतो. अनेक लिम्फोमांमागेही हाच विषाणू असतो.

तिन्ही आजारांचे उपचार निराळे आहेत. न्यूमोनायटिसला मुख्यतः एआरटीचा उपयोग होतो, लिम्फोमाला त्याच्या जोडीने केमोथेरपी लागते. क्षयाची औषधे देऊनही गाठ वाढत असेल, तर ती औषधे बदलण्यापूर्वी बायॉप्सी करावी. केवळ सुईने घेतलेला नमुना लिम्फोमा नाकारण्यास पुरेसा नसतो.

आपल्या संस्थेत बालरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व विकृतिशास्त्रज्ञ एकत्र येतात. अशा बालकाच्या गाठीविषयी तिघांनी वेळीच एकमेकांशी बोलावे, एवढीच माझी विनंती आहे. लिम्फोमा झालेल्या मुलाच्या दृष्टीने वाया गेलेले सहा महिने फार मोठे असतात.