विकलेल्या जमिनीचा जमाखर्च

हिशोबाच्या तासाला सर बजावतात, मालमत्ता विकून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे, ती भांडवली जमा. सरकारला हा धडा कोणी दिला नसावा!

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरणीची जागा विकासाला काढल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी व उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीत सगळ्या शेडच. मोकळी जागा ती किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे केंद्र सरकारच्याच कंपनीने, दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही गिरणी ४२१ कोटींना विकली. महामंडळाला देणी भागवायची होती, हे कबूल. पण देणी एकदाच भागतात आणि जमीनही एकदाच विकता येते. भाडेपट्ट्याने दिली असती तर ती सरकारचीच राहिली असती. कन्नड विभागातला माझा मित्र म्हणतो, "भाडे वाढत नाही आणि जागा सुटत नाही." खरे आहे, पण तो दोष वसुलीचा.

आमचे आजोबा बेळगावहून परळला गेले आणि १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचे चालवीत होते. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनी केलेल्या अर्जाची पावती अजून ट्रंकेत आहे. घर मिळालेले नाही. दिवाळीला ती पावती काढून ते मला विचारतात, "तुमच्या हिशोबात ही कुठे बसते रे?"