विलीनीकरणाचा खरा दस्तऐवज : ज्येष्ठता यादी

१/ पोलादपूरच्या एसटी स्थानकावर तासभर थांबले तर तीन जिल्ह्यांच्या गाड्या दृष्टीस पडतात. महाड आगाराच्या, कशेडीकडून येणाऱ्या रत्नागिरी विभागाच्या आणि आंबेनळी घाट उतरून येणाऱ्या सातारा विभागाच्या. गाडीवरचे आगाराचे नाव निराळे, चालक-वाहक निराळे. तिकीट मात्र एकाच महामंडळाचे. घाटात गाडी बंद पडली तर प्रवासी त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या दुसऱ्या आगाराच्या गाडीत बसतात. या नित्याच्या व्यवहारामागे एक जुने विलीनीकरण आहे.

२/ दुसरे विलीनीकरण आकाशातले. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एक झाल्या आणि पुढे जे घडले त्याची एक सोपी कथा रूढ झाली : ‘कंपन्या चांगल्या हेतूने एक केल्या, संपखोर वैमानिकांनी त्या बुडवल्या.’ कालक्रम मांडला की ही कथा टिकत नाही. हा धागा त्या कथेच्या विरोधात आहे.

३/ आधी जमिनीवरचा इतिहास. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, ते आपापल्या बससेवा घेऊनच. मराठवाड्यातील सेवेचे मूळ निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सुरू केलेल्या मोटार विभागात होते. विदर्भात मध्य प्रांताच्या काळातील प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस होती.

४/ महाराष्ट्र स्थापन झाल्यावर १९६१ साली या तिन्ही सेवा मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. तीन प्रशासनांतून, तीन निरनिराळ्या सेवानियमांतून आलेली माणसे एका छत्राखाली आली. महाड-पोलादपूर त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. ‘रायगड’ हे जिल्ह्याचे नाव १९८१चे.

५/ महामंडळाची रचना पाहण्यासारखी आहे. तिकीट आणि भाडे राज्यभर एक. पण गाडी एका आगाराची आणि चालक-वाहक त्या आगाराचे. भरती विभागवार. लांबच्या मार्गावर दोन्ही टोकांची आगारे फेऱ्या वाटून घेतात. महाडची गाडी कोणी चालवायची, हा प्रश्न साताऱ्याशी भांडून सोडवावा लागत नाही. काय एकत्र करायचे आणि काय वेगळे ठेवायचे, याचे उत्तर रचनेतच दिलेले आहे.

६/ वाहतूक कंपन्यांच्या विलीनीकरणात तीन थर असतात : वेळापत्रक, वाहने आणि माणसे. वेळापत्रक सर्वांत लवकर जुळते. एकाच मार्गावर एकाच सुमारास सुटणाऱ्या दोन फेऱ्यांपैकी एक पुढे सरकवायची. देशांतर्गत विमान अशा वेळी उतरवायचे की त्यातील प्रवाशाला परदेशी जाणारे विमान गाठता यावे. हे काम कागदावर सुंदर दिसते आणि मंत्रिमंडळापुढील सादरीकरणात तेच दाखवले जाते.

७/ दुसरा थर वाहनांचा, आणि इथे बस व विमान यांची वाट वेगळी होते. अवजड प्रवासी वाहनाचा परवाना असलेला चालक आज एका बनावटीची, उद्या दुसऱ्या बनावटीची बस चालवू शकतो. वैमानिकाला मात्र प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि मान्यता लागते. तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. एअरबस ए३२० चालवणारा वैमानिक केवळ कंपनी एक झाली म्हणून दुसऱ्या दिवशी बोइंग ७७७च्या कॉकपिटमध्ये बसू शकत नाही.

८/ तिसरा थर माणसांचा. वैमानिकाच्या आयुष्यात ज्येष्ठता क्रमांक जवळजवळ सर्व काही ठरवतो : सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार, मोठ्या विमानावर केव्हा जाणार, पगार किती वाढणार. दोन याद्या एकमेकींत मिसळताना एकाचा क्रमांक वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो. त्यामुळे विलीनीकरणाचा खरा करार भागधारकांच्या सभेत होत नाही. तो या यादीत होतो.

९/ ‘विलीनीकरण हीच मुळात चूक’ असे म्हणणाऱ्यांसाठी १९५३चे उदाहरण. एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्यांच्या देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला ९९ विमाने आली, त्यांपैकी ७४ डकोटा. ताफ्याचा तीन-चतुर्थांश भाग एकाच जातीचा असल्याने एका कंपनीचा वैमानिक दुसरीच्या विमानावर बसवण्यात तांत्रिक अडसर फारसा नव्हता. आठ कंपन्यांची ही गाठ ५४ वर्षे टिकली.

१०/ आता २००५-०६. एअर इंडियाने बोइंगकडे, स्वतःसाठी आणि आपल्या स्वस्त सेवेसाठी मिळून, ६८ विमानांची मागणी नोंदवली. त्यांत २७ ड्रीमलायनर होती. इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमाने मागितली. एकूण १११. दोन सरकारी कंपन्या, दोन स्वतंत्र खरेद्या, दोन वेगळे कारखाने. आणि या खरेद्या झाल्यावर, २००७ साली, सरकारने दोन्ही कंपन्या एक केल्या.

११/ क्रम उलटा होता. आधी कंपन्या एक करून मग समाईक ताफा निवडला असता तर प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती आणि वैमानिक यांची अदलाबदल सोपी झाली असती. हा कोणा संघटनेचा आरोप नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११च्या अहवालात हेच नोंदवले : विलीनीकरणाची वेळ चुकली, आणि ते विमानखरेदीपूर्वी झाले असते तर लाभ कितीतरी अधिक झाला असता.

१२/ विलीनीकरणानंतरही दोन कंपन्यांचे उड्डाण-संकेत वेगळेच होते : एअर इंडियाचा ‘एआय’, इंडियन एअरलाइन्सचा ‘आयसी’. एकच संकेत लागू व्हायला फेब्रुवारी २०११ उजाडले. नाव आणि बोधचिन्ह बदलायला काही महिने पुरले. आरक्षण आणि उड्डाण क्रमांक एक व्हायला साडेतीन वर्षे लागली. माणसांच्या याद्या त्याहूनही मागे राहिल्या.

१३/ एप्रिल २०११च्या अखेरीस पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. मागणी होती समान वेतनाची : कंपनी एक, गणवेश एक, मग वेतनरचना दोन का? संप दहा दिवस चालला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या समितीकडे वेतन, ज्येष्ठता आणि बढतीचे प्रश्न सोपवण्यात आले. समितीचा अहवाल जानेवारी २०१२मध्ये आला. जे काम २००७पूर्वी व्हायला हवे होते, ते संपानंतर सुरू झाले.

१४/ मग ड्रीमलायनर आले आणि सगळा प्रश्न एका विमानात एकवटला. हे विमान दोन्ही गटांसाठी नवे होते. व्यवस्थापनाने त्याचे प्रशिक्षण दोन्ही गटांच्या वैमानिकांना वाटून देण्याचे ठरवले. पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाचे वैमानिक म्हणाले : ही विमाने आमच्या कंपनीने मागवली, आमच्या बढत्या त्यांवर अवलंबून आहेत. दुसरा गट म्हणाला : कंपनी एक झाली असेल तर विमान कोणा एकाचे कसे?

१५/ दोघांचेही म्हणणे तर्कशुद्ध होते, आणि इथेच ‘हव्यासी वैमानिक’ ही कथा मोडते. दोन न्याय्य अपेक्षांची टक्कर होणार हे २००५ साली मागणी नोंदवली त्या दिवसापासून आणि २००७ साली विलीनीकरण ठरले त्या दिवसापासून स्पष्ट होते. तिचा निवाडा करण्याची जबाबदारी मंत्रालयाची आणि व्यवस्थापनाची होती. त्यांनी ती विमान दाराशी येईपर्यंत लांबवली.

१६/ मे २०१२मध्ये सुरू झालेला संप ५८ दिवस चालला. शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली, परदेशी उड्डाणे रद्द झाली. प्रवाशांचे हाल झाले हे नाकारण्याचे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने संप बेकायदा मानून तो चालू ठेवण्यास मनाई केली होती, हेही खरे. संपाचा दोष संपकऱ्यांचा असेल. पण संपाचे कारण पाच वर्षे जपून ठेवणाऱ्यांचा दोष त्याहून जुना आहे.

१७/ कंपनीच्या तोट्याला केवळ हेच कारण होते असेही नाही. विमानखरेदीचे कर्ज, २००८चे इंधनदर, परदेशी कंपन्यांना दिलेले उड्डाणहक्क ही कारणे तितकीच ठोस आहेत. पण यांतील एकही कारण वैमानिकांच्या खोलीत जन्मलेले नाही. सगळा दोष संपावर ढकलणारी कथा म्हणूनच इतकी सोयीची ठरते.

१८/ हे केवळ भारतीय दुखणे नाही. अमेरिकेत २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी २००७ साली दोन्ही ज्येष्ठता याद्यांची सांगड घातली. ‘पूर्व’ गटाने ती फेटाळली. नंतर कित्येक वर्षे एकाच कंपनीचे पूर्वेचे आणि पश्चिमेचे वैमानिक वेगवेगळी विमाने चालवत राहिले. विमानांवर रंग एकच होता.

१९/ मात्र तिथे एक धडा कायद्यात उतरला. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या केबिन कर्मचाऱ्यांना यादीच्या तळाशी टाकले गेले. त्यातून डिसेंबर २००७मध्ये मॅकॅस्किल-बाँड तरतूद आली : विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्याच लागतील, मतभेद झाल्यास लवाद. ज्या वर्षी भारताने हा प्रश्न पुढे ढकलला, त्याच वर्षी अमेरिकेने तो कायद्याने आधी आणला.

२०/ ‘विलीनीकरण’ हा शब्द महाडच्या घराघरांत पोहोचला तो २०२१-२२च्या एसटी संपाने. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी होती. राज्यभरची आगारे बंद पडली, पाच महिने खेड्यांच्या गाड्या थांबल्या. त्या शब्दामागे चालक-वाहकांच्या मनात काय होते? वेळेवर वेतन, शासकीय कर्मचाऱ्यांसारखी वेतनश्रेणी, सेवेची हमी. कामगाराला या शब्दाचा अर्थ नेमका कळतो. तो धोरणपत्रकांत हरवतो.

२१/ १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या उड्डाणांना २ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक मिळाले; ‘यूके ९५५’चे ‘एआय २९५५’ झाले. वेळापत्रकाचा थर एका रात्रीत जुळला. पण त्याच वर्षीच्या वसंतात, विलीनीकरणापूर्वीच, नव्या वेतनरचनेवरून विस्ताराचे वैमानिक नाराज झाले होते आणि उड्डाणे रद्द करावी लागली होती. खासगी मालकी आली म्हणून तिसरा थर नाहीसा होत नाही.

२२/ म्हणून इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी कोणत्याही विलीनीकरणाला तीन प्रश्न विचारावेत. वाहने कोणत्या जातीची, आणि ती कोणी निवडली? कोणत्या गटाची माणसे कोणत्या वाहनावर बसणार? ज्येष्ठता यादी विलीनीकरणाच्या आधी तयार झाली की नंतर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नंतर’ असेल, तर पुढच्या संपाची तारीख तेवढी ठरायची बाकी असते; तिचे उत्तरदायित्व संपावर बसणाऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक, यादी टाळणाऱ्यांवर आहे.