'आय-सेव्हन' म्हणजे कुठला आय-सेव्हन?

घरचं यंत्र : तंत्रकर

बारावीचे निकाल लागले की संगणकाच्या दुकानांत ठरलेला सीझन सुरू होतो. वडील 'इंजिनिअरिंगला लागेल' म्हणून आलेले असतात, मुलाच्या डोक्यात वॅलोरंट आणि सायबरपंक असतं आणि दुकानदाराला दोघांचंही मन राखायचं असतं. मग तो एका कागदावर कोटेशन लिहून देतो. आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. खाली एकच आकडा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं दुकान, कागद बदलतो, मजकूर फारसा बदलत नाही.

या कागदावर खोटं असं एक अक्षर नसतं. पण आपण विकत काय घेतोय, तेही त्यात कुठे लिहिलेलं नसतं. पहिला गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं की घासाघीस नंतर करा, आधी प्रत्येक ओळीपुढे कंपनीचं नाव आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. ते लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून पेनड्राइव्हसुद्धा घेऊ नये.

आय-७ चंच बघा. इंटेलने हे नाव २००८ मध्ये आणलं आणि पुढे डझनभर पिढ्यांना तेच लावलं. नुसतं 'आय-७' सांगणं म्हणजे गाडी कुठली विचारल्यावर 'मारुती' म्हणून मोकळं होणं. वीस-बावीस हजारांत 'आय-७ गेमिंग पीसी' मिळत असेल, तर आत बहुतेक वेळा आय-७ ३७७० किंवा त्याचा एखादा भाऊबंद निघतो. हा २०१२ चा प्रोसेसर, कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेल्या मशीनमधला. त्याखालचा एच६१ बोर्ड मात्र कोरा करकरीत, खोक्यासकट. चार कोअर, आठ थ्रेड. आता २०२२ चा आय-३ १२१००एफ घ्या. त्यातही चार कोअर आणि आठच थ्रेड. पण मधल्या दहा वर्षांत एकेक कोअर इतका सुधारला, की खेळात हा आय-३ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. शिवाय जुन्या आय-७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. दुकानदाराने चोरवाटेने विंडोज ११ टाकून दिलंच, तर तिथे वॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची जोडी लागते, आणि या जुन्या मशीनमध्ये ती पुरी होत नाही. ज्या खेळासाठी एवढा हट्ट केला, तोच दारात अडतो.

ग्राफिक्स कार्डाच्या ओळीतला '४ जीबी' हा कार्डाच्या मेमरीचा आकडा आहे. कार्ड किती ताकदीचं, हे त्यावरून कळत नाही. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आजही ४ जीबीच्या खोक्यात नवं म्हणून मिळतं. त्याच्यावर यूट्यूब उत्तम दिसतं. सायबरपंक २०७७ बनवणाऱ्यांनी मात्र कमीत कमी गरज म्हणून जीटीएक्स १०६० सांगितलं आहे, आणि ती वेगळीच पंगत आहे. नाव सारखं असलं तरी सावध राहावं लागतं. आरटीएक्स ३०५० आधी ८ जीबीत आलं, मग २०२४ मध्ये ६ जीबीत. फरक फक्त दोन जीबीचा वाटतो, पण नव्याचे कोअरही कमी आणि मेमरीकडे जाणारा रस्ताही १२८ बिटवरून ९६ बिटवर आलेला. तरीही ६ जीबीवालं टाकाऊ नाही. ते ७० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर केबल मागत नाही. घरात ऑफिसचा जुना पण बऱ्यापैकी डबा असेल, तर त्यात बसवायला हेच बरं.

जुन्या बाजारात आणखी जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. त्यात 'आरएक्स ५८०' म्हणून विकलं जाणारं २०४८एसपी हे प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या पंक्तीतलं. जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० यांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर देणंही एनव्हिडियाने २०२५ च्या अखेरीस थांबवलं. असं कार्ड तीन-चार हजारांत मिळालं तर ठीक, त्यावर एक पैसा देऊ नये.

मग पैसे घालायचे कुठे? खेळ कुठला आणि स्क्रीन कुठली, यावरून ते ठरतं. आणि स्क्रीन कोटेशनमध्ये नसतेच, 'घरी टीव्ही आहे ना' म्हणून ती सुटते. फुल एचडी मॉनिटरवर खेळायचं असेल, तर पन्नास-साठ हजारांतला सगळ्यात मोठा वाटा, तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच, कार्डाकडे जाऊ द्यावा. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या पातळीचं कार्ड आणि सोबत रायझेन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ, ही जोडी कागदावर जुनी दिसते, खेळात दिसत नाही. दुकानदार 'पुढे अपग्रेड होईल' म्हणून एएम५ सॉकेटचा बोर्ड सुचवतो. तो चुकीचं सांगत नाही, एएमडीने त्या सॉकेटला २०२७ पर्यंत साथ द्यायचं कबूल केलं आहे. पण त्या बोर्डावर डीडीआर५ रॅमच लागते आणि त्यापायी कार्ड एक पायरी खाली उतरतं. पाच वर्षांनंतरच्या अपग्रेडसाठी आजचा खेळ अडखळत खेळायचा, हे मला पटत नाही. फक्त वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच खेळायचं असेल, तर कार्डच घेऊ नका. अंगचं ग्राफिक्स असलेला रायझेन ५ ५६००जी घ्या आणि कार्डाचे पैसे साठू द्या. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर मात्र हा मार्ग बंद. त्यात ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते.

रॅमचे दिवस सध्या वाईट आहेत. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप इतक्या ओढल्या, की २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे किरकोळ भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने आपला क्रूशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी १६ जीबीची एकच काडी लावून 'दुसरी नंतर घ्या' असा सल्ला मिळतो. त्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. दोन काड्या असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम वाचतो, आणि ५६००जी सारखा प्रोसेसर रॅमच ग्राफिक्सला वापरत असल्याने तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवायच्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत 'फ्री' येतो, म्हणून त्याचं मॉडेल कुणी विचारत नाही. तो हातात घ्या, आडवा करा आणि बाजूचं स्टिकर वाचा. वर ठळक अक्षरात ५०० वॅट असेल. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही त्यावरच जगतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल, तर बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट खातं, आय-३ १२१००एफ भरात आला की ८९ पर्यंत जातो. झाले २२१. पंखे, एसएसडी यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. म्हणजे खेळ रंगात आला की मशीन बंद पडणार, आणि दोष कार्डाला किंवा विंडोजला जाणार. बहुतेक वेळा या डब्यात कार्डासाठीची आठ पिनांची केबलही नसते. मग दुकानदार मोलेक्सचं कन्व्हर्टर जोडून देतो. असा जुगाड पाहिला तर तिथूनच परत फिरा. ४५० ते ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, तीन-पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस वेगळा विकत घ्यावा. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का चांगलाच, पण तो वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट सर्किट झालं तर डबा स्वतः बंद होऊन बाकीचे पार्ट वाचवेल का, हे त्या शिक्क्यात येत नाही. इथे वाचवलेले हजार-दीड हजार रुपये उरलेल्या सगळ्या पार्टांच्या जिवावर बेतू शकतात. आरजीबी पंख्यांसाठी त्यातून पैसे काढू नयेत. पंखे दिव्यांशिवायही फिरतात.

यूपीएसमध्ये हाच घोळ. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट. वीज गेल्यावर खेळ सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता तो असतो, सामना पुरा करण्यासाठी नाही.

बिलाचं थोडक्यात. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे वाक्य कधी ना कधी येतंच. १८ टक्के जीएसटी म्हणजे पन्नास हजारांवर नऊ हजार, मोह होणारच. पण तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर टाकून घ्या आणि रिकामी खोकी माळ्यावर ठेवा, आईला कितीही अडगळ वाटली तरी.

मशीन घरी आलं की मॉनिटरची केबल बोर्डाला नको, कार्डाला लावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये अनेकदा ६० वरच सुरू होतो, सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः बदलावा लागतो. आणि अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या, तर दुकानदाराला फोन करून एसएमपीएस बदलून मागू नका. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक बरेचदा नुसतं शोभेला असतं, मागे अर्थिंगची तार पोचलेलीच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती मग जमिनीत जायची ती पत्र्यावर येते. आधी वायरमनला बोलवा.