पुढचे पुस्तक कोणते?

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे आज मोटारींच्या कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे पाळीवर काम करणाऱ्या, मूळच्या सांगलीकडील एका तरुणाने मध्यंतरी मला विचारले, "सर, दोन वर्षे अरबी शिकलो. पुढचे पुस्तक कोणते घेऊ?" त्याला अनुवादक व्हायचे होते. जवळ चार व्याकरणे होती आणि पाचवे घेण्याचा विचार होता. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे अरबी शिकवली जाते. पण पाळी सांभाळून तेथे नियमित जाणार कसे? अशा विद्यार्थ्याचे पुस्तक चुकले, की त्याचे वर्ष वाया जाते.

माझ्या मते पाचव्या व्याकरणाची गरज नाही. प्राथमिक पुस्तकांत ह्रस्व स्वरांच्या खुणा छापलेल्या असतात. वृत्तपत्रांत व व्यवहारातील पत्रांत त्या सहसा नसतात. खुणांना सरावलेली नजर तेथे अडखळते. म्हणून या खुणा हळूहळू कमी करीत नेणारे, मूळ उतारे देणारे वाचनपुस्तक निवडावे. त्याच्या जोडीला धातूंनुसार रचलेला कोश हवा. 'हुकूम' आणि 'हकीम' हे आपल्या परिचयाचे शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. न्यायालयाला अरबीत 'महकमा' म्हणतात, तोही त्याच धातूचा. हान्स वेर यांचा असा कोश १९५२ मध्ये जर्मन भाषेत निघाला, १९६१ मध्ये इंग्रजीत आला आणि आजही वापरात आहे. तो महाग वाटला तरी चार व्याकरणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मराठी माणसाने एका बाबतीत मात्र सावध असावे. फारसीच्या वाटेने असंख्य अरबी शब्द आपल्याकडे आले. माधव ज्युलियन यांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' त्यांचा वेध घेण्यास उत्तम. परंतु त्यावरून आजच्या अरबीचा अर्थ लावू नये. अरबीतील 'गरीब' म्हणजे निर्धन नव्हे, तर परका किंवा विलक्षण. 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती. तेथे गाऱ्हाण्याचा संबंध नाही. ओळखीच्या शब्दासाठी कोश उघडण्याचा कंटाळा मीही केला आहे आणि फसलो आहे.

आखातात जाऊन लोकांशी बोलायचे असेल, तर तेथील बोलीचे वेगळे पुस्तक व ध्वनिफिती लागतील. कैरोच्या बोलीचे पुस्तक त्यासाठी घेऊ नये. या तरुणाला कागदपत्रांचा अनुवाद करायचा आहे. तूर्त त्याने प्रमाण अरबीच धरून ठेवावी.