डॅक आधी की आजीची कॅसेट?

आदिलाबादच्या आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे: डॅक घ्यायचा की नाही. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करून हेडफोनला देणारी डबी. दादाला २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवालीच हवी. माझं मत, नको.

सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतात. आपला कान २० हजारांच्या आसपासच थांबतो. (पप्पांचा तर त्याच्या बराच आधी!) शिवाय आपण ऐकतो काय? केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. मूळ ती ७८ आरपीएमची तबकडी. जे मुद्रणात उतरलंच नाही, ते १९२च्या फाइलमध्ये कुठून येणार? पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढतं का?

फोनच्या अनेक टाइप-सी अडॅप्टरांतही डॅकच असतो. तो खरखरत असेल तर बदला, नाहीतर पैसे चांगल्या हेडफोनवर घाला.

आमच्याकडे आजीने गायलेल्या नाताळच्या गाण्यांची एकच कॅसेट आहे. फीत आता अडकायला लागलीय. ती फाइलमध्ये उतरवायला डॅकच्या उलट काम करणारं यंत्र लागतं. दादाने साठवलेले पैसे आधी तिकडे जावेत. तो अजून 'बघू' म्हणतोय.